माझ्या तोंडून लिहून घेतलेले व्याकरण परीक्षेतून काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
मातृभाषा परीक्षा व प्रमाणन कार्यालय,
तिसरा मजला, पनामा शहर.

अर्जदार : ओलोनिगदी मॉरिस, वय ७८, राहणार सिक्विदुप बेट, गुनायाला.

विषय : ‘सिक्विदुपची बोली : व्याकरण, उच्चार व अर्थ, अकरा भाषांशी तुलनेसह’ या ग्रंथाची पृष्ठे १४१ ते ६१२ खोटी असल्याने ती शिक्षक परीक्षेतून वगळणे व माझी नात आरिस्तेला हॅरिस हिची फेरतपासणी करणे याबाबत.

संदर्भ : १) कु. आरिस्तेला हिचे निकालपत्र, गुण १०० पैकी ३१.
२) याच विषयावरील माझा पहिला अर्ज.
३) त्यावर आपल्या कार्यालयाने दिलेले उत्तर, जे वाचून माझ्या पत्नीने ते चुलीत घातले. (नक्कल सभाघरातून घेतली.)

महोदय,

१. या अर्जातला एकही शब्द आपण खरा मानणार नाही, हे मी आधीच छातीठोकपणे सांगून ठेवतो. गेली साठ वर्षे मी या बेटावर गोष्टी सांगत आलो आहे. एका शार्क माशाला भर समुद्रात नारळाच्या काथ्याचा लगाम घालून मी त्याच्यावर बसून मुख्य भूमीच्या धक्क्यापर्यंत आलो होतो, ही माझी गोष्ट चार बेटांवर खरी धरली जाते आणि पाचव्या बेटावर तर तो मासा पाहिलेला माणूसही आहे. परंतु खाली जे लिहून देत आहे त्याच्यापुढे तो मासा म्हणजे काहीच नाही. म्हणूनच हा अर्ज मी घरी बसून लिहिलेला नाही. आमच्या बेटावरून सरकारकडे जाणारा कागद सभाघरात सर्वांदेखत तोंडी सांगितला जातो. सांगणारा मधल्या टांगत्या झोळीत पहुडलेला असतो, शेजारच्या झोळीत हुंकार देणारा असतो, आणि सचिव ऐकतील ते टंकलिखित करतात. प्रत्येक बोलण्यावर हुंकार देणारा ‘तसंच’ म्हणतो. त्याने ‘तसंच’ म्हटलेले खरे. ज्या क्षणी तो ‘खोटं’ म्हणेल त्या क्षणी सांगणाऱ्याने थांबायचे आणि झोळीतून उतरायचे. पुढचे कुणी ऐकत नाही, मागचे मात्र खरेच राहते. हुंकार द्यायला आज माझा मेहुणा श्री. होरासियो पोर्रास बसला आहे. तेरा वर्षे तो माझ्या शेजारच्या झोळीत बसला नव्हता.

(हुंकार देणारे : “चौदा, दाजी.” अर्जदार : “चौदा.” हुंकार देणारे : “तसंच.” — सचिव)

२. सदर अर्जाचे कारण माझी नात आहे. आमच्या शाळेत गुना भाषेतून शिकवण्यासाठी एका शिक्षकाची जागा भरायची आहे. आरिस्तेला हिने शिक्षणशास्त्राची पदविका मुख्य भूमीवर राहून घेतली आणि सगळ्या विषयांत ती उत्तीर्ण आहे. नापास झाली ती एकाच विषयात, मातृभाषेत. ही भाषा तिला तिच्या आजीने, म्हणजे माझी पत्नी इनादिली हिने दिली. या बेटावर इनादिलीइतकी स्वच्छ भाषा कुणाची नाही. ती मला शिव्या देते तेव्हा शेजारच्या बायका काम थांबवून ऐकतात. त्या बाईच्या मांडीवर वाढलेल्या पोरीला आपल्या कार्यालयाने एकतीस गुण दिले आणि शेरा मारला : ‘उमेदवाराचा भाषेशी परिचय वरवरचा आहे.’ फेरपरीक्षा १४ मार्चला आहे. त्यात ती नापास झाली तर ही जागा श्री. एफ्राइन बार्सेनास यांना मिळणार आहे. हे गृहस्थ शहरात जन्मले, शहरात वाढले, आणि आमची भाषा त्यांनी वर उल्लेखिलेल्या ग्रंथातून शिकली आहे. त्यांना अठ्ठ्याऐंशी गुण आहेत. मागच्या महिन्यात ते बेट पाहायला आले, माझ्या पत्नीशी त्यांनी अर्धा तास भाषण केले, आणि ते गेल्यावर तिने मला विचारले, “हा बिचारा कुठल्या देशाचा? आणि त्याला काय होतंय?”

३. हा ग्रंथ डॉ. ब्रिखिदा सालदिवार यांचा. या बाईंविषयी माझ्या मनात राग नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो. चौदा वर्षांपूर्वी वारा सुटण्याच्या दिवसांत त्या एक पत्र्याची पेटी, एक ध्वनिमुद्रण यंत्र आणि चारशे कोऱ्या पानांच्या वह्या घेऊन पडावातून उतरल्या. जगातल्या अकरा भाषांमधले आवाज, वाक्यांची रचना आणि अर्थ त्यांनी अभ्यासले होते आणि बारावी भाषा म्हणून आमची घेतली होती. बेटावर सगळ्यात जास्त कोण बोलतो, असे त्यांनी धक्क्यावरच विचारले. सगळ्यांनी माझ्या घराकडे बोट दाखवले.

पहिल्या दिवशी मी रिवाजाप्रमाणे होरासियोला बोलावून घेतले. मी बोलू लागलो, तो हुंकार देऊ लागला. बाईंनी थोडा वेळ ऐकले, मग यंत्र बंद केले आणि अतिशय सौजन्याने म्हणाल्या, “हे काका प्रत्येक वाक्यावर काहीतरी म्हणतायत. आवाजात आवाज मिसळतो. त्यांना जरा बाहेर बसायला सांगाल का?”

मी म्हणालो, “बाई, ते बाहेर गेले तर मी काय बोलतोय ते मला तरी कसं कळणार?”

बाई हसल्या. त्यांना वाटले, म्हातारा विनोद करतोय. होरासियो उठला, टोपी घातली, आणि “तुम्ही बोला दाजी, मी ऑक्टोपस धरायला जातो,” असे म्हणून गेला तो चौदा वर्षे माझ्या घरात जेवायला आला नाही. आपल्या कार्यालयाला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण ज्याचा हुंकार चाळीस वर्षे घेतला त्याला परक्या माणसासमोर उठून जायला सांगणे म्हणजे जेवत्या माणसाच्या पुढ्यातले पान ओढून घेणे आहे. आणि ते मी होऊ दिले.

(हुंकार देणाऱ्यांनी येथे टोपी काढून मांडीवर ठेवली. मग : “तसंच.” — सचिव)

४. त्या दिवसापासून बाई माझ्यासमोर बसून नुसत्या ऐकत. मान हलवत नसत, कारण खुर्ची करकरते. खोकला आला तर बाहेर जाऊन खोकत. आमच्या रिवाजात हुंकाराविना सांगितलेल्या बोलण्याला काही मोल नसते. ते खरे असेल, खोटे असेल; कोणी त्याला धरून चालत नाही, कोणी त्यावर लग्न ठरवत नाही, औषध देत नाही, होडी बाहेर काढत नाही. बाईंच्या संशोधनाच्या शिस्तीत मात्र उलट होते. ऐकणारा जितका गप्प तितके बोलणे शुद्ध. अशा रीतीने त्यांची शुद्धता आणि आमचे वाऱ्यावर सोडलेले बोलणे, ही दोन्ही एकाच फितीवर दर वर्षी एक असे नऊ हंगाम भरत गेली, आणि हे कुणाच्याही लक्षात आले नाही. माझ्या आले होते.

तरीही पहिले तीन हंगाम मी जे सांगितले ते खरे आहे. पृष्ठे १ ते १४० कोणीही तपासावीत. मासे, होड्या, नाती, आजार, झाडे, बायकांनी कापडावर काढायच्या नक्ष्यांची नावे, सगळे अचूक आहे. पृष्ठ १४१ पासून पुढे या ग्रंथात जे आहे त्याचा मला आता वीट आला आहे, आणि तो वीट शब्दांत मांडणे हे या अर्जाचे मुख्य काम आहे.

(येथे पहारेकऱ्याने “झोपू नका!” अशी रिवाजाची आरोळी ठोकली. दोन ज्येष्ठ सभासद जागे झाले. — सचिव)

५. पृष्ठ १४१. तिसऱ्या हंगामाचा शेवटचा दिवस होता. बाईंची पेटी पडावात चढली होती. जाण्याआधी शेवटचे एकदा तपासून घ्यावे म्हणून त्यांनी मला तेच वाक्य विचारले जे त्यापूर्वी चौदा वेळा विचारले होते : “आजोबा, ‘मी मासा खाल्ला’ कसं म्हणता?” मी नेहमीचे वाक्य म्हटले आणि शेवटी एक शेपूट जोडले.

“काल हे नव्हतं,” बाई म्हणाल्या.

“काल सकाळ होती, बाई. भरती होती.”

“मग?”

“आता ओहोटी आहे.”

त्यांचा हात थांबला. “म्हणजे क्रियापद भरती-ओहोटीप्रमाणे बदलतं?”

“समुद्र बदलतो तर माणसानं बदलायचं नाही?”

“आणि नदीवर गेल्यावर?”

“नदीवर गेल्यावर आम्ही खात नाही.”

बाईंनी पडाववाल्याला हाक मारून पेटी खाली उतरवून घेतली. महोदय, आपण समुद्रकाठच्या शहरात राहता, पण तो दुसरा समुद्र. आमच्या बाजूला भरती आणि ओहोटीत जेमतेम वीतभर अंतर असते. पुष्कळदा आम्हालाच कळत नाही कुठली चालू आहे. त्या वीतभर पाण्यावर या ग्रंथात एकशे बारा पृष्ठांचे व्याकरण उभे आहे. जगातल्या अकरा भाषांपैकी एकाही भाषेत असे क्रियापद नाही, असा त्यात गौरवाने उल्लेख आहे. नसणारच.

माझ्या नातीच्या प्रश्नपत्रिकेतला सातवा प्रश्न असा होता : ‘खालील पाच वाक्ये ओहोटीत रूपांतरित करा.’ तिने उत्तर लिहिले, ‘माझी आजी असे बोलत नाही.’ गुण शून्य. खाली लाल शाईत शेरा आहे : ‘आजीचा आधार ग्राह्य नाही.’ माझ्या पत्नीच्या बाबतीत असे वाक्य या बेटावर जिवंत माणसाने उच्चारलेले नाही.

६. यापुढचा मजकूर जेवणानंतर वाचू नये, ही विनंती.

पाचव्या हंगामात बाईंनी उच्चार घेतले. जीभ टाळूला कुठे लागते हे पाहण्यासाठी त्या माझ्या जिभेवर कोळशाची भुकटी तेलात कालवून ब्रशने फासत, मग मला एकच अक्षर म्हणायला लावत, मग तोंडात आरसा घालून छायाचित्र काढत. हे अकरा दिवस चालले. दहाव्या दिवशी माझा वरचा डावा दात, जो आधीच हलत होता, आरशाला लागून पडला. त्या फटीतून वारा निघून एक आवाज आला. जुनी होडी दगडावर ओढताना येतो तसा.

“हा आवाज पुन्हा काढता येईल?” बाईंनी विचारले.

मी म्हणालो, “हा आमचा फार जुना आवाज. पूर्वी सगळे काढायचे. आता मोजकेच लोक उरलेत.”

तेच ग्रंथात ‘ध्वनी क्रमांक २९, नामशेष होण्याच्या मार्गावर’ म्हणून आले. तो वापरून बनलेले दोनशे सहा शब्द मी पुढच्या दोन हंगामांत सांगितले. प्रत्येक शब्दासरशी माझी थुंकी त्यांच्या वहीवर उडत होती, आणि त्या पुसत नव्हत्या, तारीख घालत होत्या.

तोंडी परीक्षेत या ध्वनीला सहा गुण आहेत. आरिस्तेलाच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात आहेत, पांढरे, एका रांगेत. तिला सहापैकी शून्य. श्री. बार्सेनास यांना सहापैकी सहा. परीक्षेच्या आधी त्यांनी शहरातल्या दवाखान्यात जाऊन वरचा डावा, पूर्ण निरोगी दात उपटून घेतला आहे. ही गोष्ट त्यांनी मला स्वतः अभिमानाने सांगितली आणि तोंड उघडून दाखवलीही. “आजोबा,” ते म्हणाले, “भाषेसाठी एवढं तर करायलाच हवं.” मी त्या भोकाकडे पाहिले. हिरडी अजून भरली नव्हती. मला बाहेर जाऊन पाण्याकाठी बसावे लागले. माझ्या एका थापेपायी एका धडधाकट तरुणाने दात दिला. आणखी दोन उमेदवार पुढच्या वर्षीची तयारी करत आहेत आणि दवाखान्यात चौकशी करून आले आहेत असे कळते.

(सभेतून : “दात काय भाव?” सचिवांनी शांतता राखण्यास सांगितले. हुंकार देणारे : “तसंच. मी पण पाहिलं ते भोक.” — सचिव)

त्या अकरा दिवसांतले एक छायाचित्र ग्रंथात ‘आकृती १७’ म्हणून आहे. आपल्या कार्यालयाने त्याचा दीड मीटर उंचीचा रंगीत तक्ता करून शाळेत पाठवला. तो मुले जिथे जेवतात त्या भिंतीवर लावला आहे. काळीकुट्ट जीभ, पिवळे खुंट, घशात लोंबणारी पडजीभ, आणि खाली माझे संपूर्ण नाव. मुले नारळाच्या रश्श्यातले केळे उचलतात, वर बघतात, आणि केळे परत वाडग्यात ठेवतात. माझी सर्वांत धाकटी पणती मी पापी घ्यायला वाकलो की हाताने तोंड झाकते. माझे नव्हे, स्वतःचे.

७. आता आभाराविषयी. सहाव्या हंगामात बाईंनी विचारले, “तुमच्यात आभार कसे मानतात?” आमच्यात त्यासाठी चांगले दोन शब्द आहेत, तान्ह्या मुलालाही येतात. पण ते पृष्ठ ३० वर आधीच आले होते, आणि त्या नवीन काही मागत होत्या. मी तेव्हा कोकोची बी चघळत होतो. ती थुंकलो आणि म्हणालो, “असे.”

“थुंकून?”

“साधे आभार असतील तर एकदा. मनापासून असतील तर दोनदा.”

यावर ग्रंथात एक संपूर्ण प्रकरण आहे. जगातील कृतज्ञतेचे कोरडी आणि ओली असे दोन प्रकार असून ओली कृतज्ञता केवळ सिक्विदुपमध्ये आढळते, असे अकरा भाषांशी तुलना करून त्यात सिद्ध केले आहे. ते प्रकरण पुढे पाठ्यपुस्तकात धडा चौथा झाले. मागच्या नोव्हेंबरमध्ये शिक्षण निरीक्षक आमच्या शाळेला भेट द्यायला आले. हंगामी शिक्षकाने सव्वीस मुलांना धक्क्यावर रांगेत उभे केले होते. निरीक्षक साहेबांनी खाऊचा डबा पुढे केला आणि सव्वीस मुले मनापासून, म्हणजे दोनदा. साहेबांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली. ते त्याच पडावातून परत गेले. शाळेच्या नव्या छपराचा कागद त्यांच्याच पिशवीत होता, तोही त्यांच्याबरोबर गेला.

घरी काय चालते ते सांगायला मला लाज वाटते. इनादिली वाडगे भरून देते, आणि नातवंडे शाळेत शिकलेले करून दाखवतात. तिने तीन दिवस स्वयंपाक केला नाही. चौथ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “हे कुणी शिकवलं यांना?” मी म्हणालो, “सरकारनं.” ती म्हणाली, “सरकारला कुणी शिकवलं?” त्याचे उत्तर मी आजपर्यंत दिलेले नाही, ते या सभेत देत आहे. मी.

(हुंकार देणारे : “तसंच, तसंच.” — सचिव)

८. हे सगळे मी पहिल्या अर्जात थोडक्यात कळवले होते. त्यावरील आपले उत्तर जसेच्या तसे देतो : ‘सदर ग्रंथातील प्रत्येक विधान तज्ज्ञ भाषक ओ. मॉरिस यांनी प्रमाणित केलेले आहे. तज्ज्ञ ओ. मॉरिस यांच्या मताविरुद्ध अर्जदार ओ. मॉरिस यांचे म्हणणे विचारात घेता येत नाही. तथापि अर्जदारास स्वतःचे भाषाज्ञान सिद्ध करावयाचे असल्यास त्याने परीक्षेस बसावे.’

मी बसलो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, दोन पडाव आणि एक बस बदलून, आपल्या तिसऱ्या मजल्यावर, दोन सुशिक्षित मुलींच्या मधल्या बाकावर. मला शंभरपैकी बावीस गुण मिळाले. नातीपेक्षा नऊ कमी, कारण तिला निदान खरे काय ते माहीत होते आणि मला खरेही आठवत होते आणि खोटेही, आणि माझ्या थापा मलाच पूर्ण आठवेनात. दोनशे सहा शब्दांपैकी मला एकोणीस आले. ध्वनी क्रमांक २९ मला आता काढताच येत नाही, कारण त्यानंतर शेजारचेही दात पडले आणि वारा दुसरीकडून जातो. परीक्षक बाईंनी मला कानाला लावायचे यंत्र दिले आणि म्हणाल्या, “आजोबा, अस्सल उच्चार ऐका आणि तसा काढायचा प्रयत्न करा.” यंत्रात माझाच आवाज होता. मी दहा वर्षांनी तरुण होतो आणि खोटे बोलत होतो, आणि किती सहज बोलत होतो! ऐकता ऐकता मला स्वतःची शिसारी आली. मी यंत्र काढून टेबलावर ठेवले आणि घरी आलो.

डॉ. सालदिवार यांना मी पत्र लिहिले होते. त्यांचे उत्तर जोडले आहे. त्या लिहितात : ‘आजोबा, वृद्ध भाषकांनी आपले ज्ञान नाकारण्याचे प्रकार अकरापैकी चार भाषांत नोंदलेले आहेत. तुमचे पत्र मी पाचवे उदाहरण म्हणून घेते आहे.’ यावर मी काय लिहू, हे आपण सुचवावे.

महोदय, एवढ्यावरून आपल्यापुढे दोन रस्ते आहेत. मी खोटारडा आहे असे मानलेत तर तो ग्रंथ माझ्याच तोंडून आलेला आहे, तो परीक्षेत चालणार नाही. मी खरा आहे असे मानलेत तर हा अर्ज खरा आहे, आणि तो ग्रंथ तरीही चालणार नाही. तिसरा रस्ता मी शोधून पाहिला, सापडला नाही. सबब पुढील विनंत्या आहेत. पृष्ठ १४१ ते ६१२ वर आधारलेला एकही प्रश्न १४ मार्चच्या परीक्षेत असू नये. आरिस्तेलाची तोंडी परीक्षा बंद खोलीत यंत्रासमोर न घेता याच सभाघरात, हुंकार देणारा शेजारी बसवून, तिच्या आजीसमोर घ्यावी. तिची भाषा कच्ची असेल तर इनादिली ते आपल्यापेक्षा आधी आणि आपल्यापेक्षा जोरात सांगेल. श्री. बार्सेनास यांच्या दाताचा खर्च आपल्या कार्यालयाने सोसावा आणि पुढच्या उमेदवारांचे दात वाचवावेत. आणि माझे तोंड भिंतीवरून उतरवावे. हे शेवटचे आजच झाले तर बरे, उद्या शाळेत माशाचा रस्सा आहे.

(हुंकार देणारे : “तसंच. तक्ता मीच उतरवतो, दाजी, तुम्ही काळजी करू नका.” सभेने हसून संमती दिली. — सचिव)

९. आता शेवटचा मुद्दा. आपण विचाराल की तीन हंगाम खरे बोलणाऱ्या माणसाने चौथ्यापासून खोटे का सांगितले. हे कुणी गंमत म्हणून केलेले नाही, हे मी येथे गंभीरपणे नमूद करतो. आमच्या भाषेत काही गाणी आणि मंत्र असे आहेत की ते परक्याच्या वहीत जाता कामा नयेत. बाई जसजशा खोल शिरू लागल्या तसतशी ज्येष्ठांना काळजी वाटू लागली. तेव्हा तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस याच सभाघरात सर्व प्रमुखांची एक गुप्त सभा भरली. त्या सभेत असा ठराव झाला की, भाषेच्या रक्षणासाठी कुणीतरी स्वतःची अब्रू पणाला लावून बाईंना आडवाटेला न्यावे, आणि त्या कामी सर्वानुमते माझी निवड झाली. मी नको नको म्हणत होतो. परंतु समाजाच्या हितासाठी मी हे विष

(हुंकार देणारे : “खोटं!”

सचिवांनी टंकलेखन थांबवले. हुंकार देणाऱ्यांनी ते चालू ठेवण्यास सांगितले. पुढील बोलणे त्यांचे आहे. — सचिव)

“खोटं, दाजी. उतरा खाली. कुठली सभा? कुठला ठराव? त्या वर्षी सभेचा पहारेकरी मी होतो, दाराशी काठी घेऊन मीच उभा असायचो. माझ्याशिवाय इथं मांजर आत आलं नाही.

“लिहा हो सचिव, मी सांगतो. तिसऱ्या वर्षी दाजींचं सगळं खरं सांगून संपलं. बाई वह्या बांधून म्हणाल्या, ‘आजोबा, झालं आपलं काम, आता मी यायची नाही.’ ताईनं मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. म्हणाली, ‘हे रात्रभर कूस बदलतायत.’ आणि त्याच दिवशी बाईंची पेटी पडावात चढल्यावर यांनी भरती-ओहोटी काढली.

“कारण इथं ऐकणारं कोण होतं? पोरं सगळी शहराकडं. घरात ताईला सगळ्या गोष्टी पाठ. शार्कवर बसलात की ती मधेच सांगायची पुढं काय ते. आणि मी रुसून समुद्रात. एकटी ती बाई रोज सकाळी सातला यायची, समोर बसायची, आणि तुम्ही तोंड उघडलं की श्वास धरायची. ती जाऊ नये म्हणून केलंत तुम्ही. सहा वर्षं. मला बोलावलं असतं तर मी आलो नसतो, तेही खरं आहे. पण तुम्ही बोलावलं नाहीत.

“एवढंच. पोरीच्या निकालाचं, दाताचं, थुंकण्याचं, सगळं खरं आहे. हा ठराव तेवढा काढून टाका. पोरीच्या कामात हा ठराव नको.”

(अर्जदार झोळीतून उतरले. रिवाजाप्रमाणे अर्ज येथे संपला. नववा परिच्छेद खोडण्यास अर्जदारांनी मानेने नकार दिला, म्हणून तसाच ठेवला आहे. — सचिव, सिक्विदुप सभाघर)

आपला, पकडला गेलेला आणि म्हणून गप्प,

(सही) ओलोनिगदी मॉरिस
सिक्विदुप, ९ फेब्रुवारी २०१२

परिच्छेद १ ते ८ : शेजारी बसून ऐकले. तसेच आहे.

(सही) होरासियो पोर्रास